उष्णता जाते कुठे? : काउंट रम्फर्डची कहाणी

बारावीच्या फिजिक्समध्ये एक माणूस आपल्याला ओझरता भेटून जातो. तोफेला भोक पाडता पाडता पाणी उकळवणारा काउंट रम्फर्ड. दोन ओळी, एका मार्काचा प्रश्न, विषय संपला. पुढे इंजिनिअरिंगला थर्मोडायनॅमिक्स आणि हीट ट्रान्सफर शिकताना जूल, कार्नो, फुरिए, केल्विन अशी सगळी मंडळी येतात, पण हा गडी काही परत दिसत नाही. तोफेचा प्रयोग मात्र या माणसाच्या आयुष्यातला एक छोटासा भाग. उरलेलं आयुष्य त्यानं चूल, धुराडं, कढई, रजई आणि सूप यांच्यामागे घालवलं. शिवाय हेरगिरी, दोन लग्नं, तीन देशांच्या नोकऱ्या आणि असंख्य भांडणं हे वेगळंच!

आता तुम्ही म्हणाल, चुलीचं आणि धुराड्याचं आज काय? मित्रांनो, आपल्या कांदिवलीत थंडी म्हणजे जानेवारीतले चार दिवस. नॅशनल पार्कच्या बाजूनं पहाटे गार वारा सुटला की आपण पंख्याचा रेग्युलेटर तीनवरून एकवर आणतो आणि थंडी पडली म्हणतो. घर तापवायचं असतं ही कल्पनाच आपल्याला नवी. पण न्यू जर्सीला किंवा टोरांटोला ज्यांचे काका, मावशी, दादा असतील त्यांना विचारा. बाहेर उणे पंधरा अंश आणि घरात माणूस टी-शर्टवर! ही किमया असते तळघरातल्या कपाटाएवढ्या यंत्राची. त्याला तिकडे फर्नेस म्हणतात. आत गॅस जळतो. जाळ आहे म्हटल्यावर धूर जायला वीटबांधणीचं नाहीतर लोखंडाचं धुराडं हवं, अशी आपली समजूत. पण नव्या फर्नेसचा धूर चक्क प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर जातो, आणि त्या पाइपाला हात लावला तर तो जेमतेम कोमट लागतो.

जाळाचा धूर कोमट कसा? या प्रश्नाचं उत्तर शोधत मागे मागे गेलं की आपण थेट अठराव्या शतकात पोहोचतो आणि तिथे आपली गाठ रम्फर्डशीच पडते.

दुकानातला पोरगा

त्याचं मूळ नाव बेंजामिन थॉम्पसन. जन्म २६ मार्च १७५३, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी. तेव्हा अमेरिका ब्रिटिशांची वसाहत होती. बाप शेतकरी, आणि तो बेंजामिन दोन वर्षांचा व्हायच्या आतच वारला. आईनं दुसरं लग्न केलं. तेराव्या वर्षी पोरगा सेलमच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला. दुकानात त्याचं लक्ष कमी, प्रयोगांत जास्त. एकदा फटाक्यांची दारू बनवताना स्फोट झाला आणि स्वारी चांगलीच भाजली. उष्णतेशी झालेली ही पहिली ओळख म्हणायला हरकत नाही!

कॉलेजात जाण्याइतका पैसा नव्हता. मग तो आणि त्याचा मित्र लोअॅमी बाल्डविन मैलोन् मैल चालत केंब्रिजला जायचे आणि हार्वर्डमध्ये प्रोफेसर विन्थ्रॉप यांची विज्ञानाची लेक्चर्स ऐकायचे. अटेंडन्सची सक्ती नसताना!

पुढे तो न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्ड गावी मास्तर म्हणून गेला. या गावाचं आधीचं नाव रम्फर्ड. तिथे १७७२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्यानं एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं. सेरा रोल्फ वयानं त्याच्याहून बरीच मोठी. एका लग्नात घर, जमीन, प्रतिष्ठा सगळं आलं. गव्हर्नरशी ओळख झाली आणि त्यानं या पोरसवदा मास्तराला एकदम मिलिशियात मेजर करून टाकलं. वर्षानुवर्षं नोकरी केलेले अधिकारी अर्थातच भडकले.

१७७४ उजाडेपर्यंत अमेरिकेत ब्रिटिशांविरुद्ध असंतोष पेटला होता. थॉम्पसन ब्रिटिशांच्या बाजूचा आहे असा गावाला संशय होता, आणि तो खराच होता. जमाव घरावर चालून येणार अशी खबर लागताच तो घोड्यावर बसून पळाला. मागे बायको आणि नुकतीच जन्मलेली मुलगी. बायकोला तो पुन्हा कधीच भेटला नाही. मुलगी पुन्हा भेटली ती तब्बल बावीस वर्षांनी.

पळून तो बोस्टनला ब्रिटिश सेनापतीकडे गेला. १७७५ मध्ये त्यानं अदृश्य शाईनं लिहिलेलं एक गुप्त पत्र आजही उपलब्ध आहे. म्हणजे आपला शास्त्रज्ञ सरळ सरळ हेर होता. अमेरिकेच्या दृष्टीनं तो देशद्रोही. १७७६ मध्ये ब्रिटिशांनी बोस्टन सोडलं तेव्हा तोही लंडनला गेला, तिथे वसाहतींच्या खात्यात चिकटला आणि चार वर्षांत उपसचिव झाला. मधल्या काळात तोफांच्या दारूवर केलेल्या प्रयोगांमुळे १७७९ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलोही झाला.

युद्धाच्या शेवटी तो कर्नल बनून अमेरिकेत परतला, तेव्हाची एक गोष्ट लाँग आयलंडवरच्या हंटिंग्टन गावात अजून सांगतात. त्यानं गावच्या स्मशानभूमीवर किल्ला बांधला आणि थडग्यांच्या दगडांच्या भट्ट्या केल्या. त्या भट्टीतल्या पावावर मेलेल्यांची नावं उलटी उमटायची म्हणे! माणूस किती निष्ठुर असू शकतो याचा हा नमुना. हाच माणूस पुढे गरिबांच्या चुलीचा विचार करणार होता.

म्युनिकचे भिकारी आणि सूपची कढई

युद्ध हरल्यावर इंग्लंडमध्ये करण्यासारखं फार उरलं नाही. नशीब काढायला तो युरोपात निघाला आणि बव्हेरियाच्या राजाची, म्हणजे इलेक्टर कार्ल थिओडोरची, मर्जी संपादन केली. इंग्लंडच्या राजानं १७८४ मध्ये त्याला सर केलं आणि जायची परवानगी दिली. म्युनिकला तो बरीच वर्षं राहिला. सैन्याची फेररचना, कारखाने, शाळा, आणि १७८९ मध्ये सुरू केलेली एक मोठी सार्वजनिक बाग, ही सगळी त्याची कामं. ती बाग इंग्लिश गार्डन या नावानं आजही म्युनिकची शान आहे.

म्युनिकमध्ये तेव्हा भिकाऱ्यांचा सुळसुळाट होता. १ जानेवारी १७९० ला थॉम्पसननं सैन्य रस्त्यावर उतरवलं आणि एका दिवसात शहरातले भिकारी गोळा केले. त्यांना तुरुंगात मात्र टाकलं नाही. एका जुन्या कारखान्याची डागडुजी करून तिथे त्यांना काम दिलं. सूत काढायचं, कापड विणायचं, सैनिकांचे गणवेश शिवायचे. त्याबद्दल मजुरी, मुलांना शाळा आणि दुपारी गरम जेवण.

आता इंजिनिअरिंगचा खरा प्रश्न आला. हजाराहून जास्त माणसांना रोज जेवायला घालायचं तर खर्च कमीत कमी ठेवायला हवा. जव, वाटाणे, बटाटे, व्हिनेगर, मीठ आणि वर शिळ्या पावाचे तुकडे असं एक सूप त्यानं ठरवलं. बटाटा तेव्हा तिथे लोकांना गुरांचं खाणं वाटायचा, म्हणून सुरुवातीला तो कळणार नाही इतका शिजवून घातला. धान्याचा हिशेब झाल्यावर त्यानं लाकडाचा हिशेब मांडला. एक शेर पाणी उकळायला किती लाकूड लागायला हवं आणि प्रत्यक्षात किती लागतं? फरक पाहून तो चक्रावला. उघड्या जाळावर टांगलेल्या भांड्यात उष्णतेचा जेमतेम थोडा हिस्सा जायचा. बाकीची सगळी धुराबरोबर वर आणि स्वयंपाक्याच्या तोंडावर!

त्यानं चूल विटांनी बंद केली. प्रत्येक कढईला वेगळा जाळ, खाली जाळी, हवा कमी-जास्त करायला झाकण, आणि धूर सरळ वर न सोडता कढईभोवती फिरवून मग बाहेर. लाकडाचा खर्च एकदम खाली आला.

हे वाचताना आपल्याकडची चूल आणि तिचा वैल आठवतो का? गावाकडे आजीच्या चुलीला शेजारी एक दुसरं तोंड असतं. मोठ्या तोंडावर भाकरी चालू असते आणि तिथून निघालेला गरम धूर वैलाखालून जाताना आमटी किंवा दूध गरम ठेवतो. जाळ एक, काम दोन. किंवा आपला तांब्याचा बंब घ्या. मधल्या नळीत जाळ आणि चारही बाजूंनी पाणी. जाळ पाण्याच्या मिठीत ठेवायचा, मग उष्णता पळणार कुठे? आपल्या बायकांनी आणि तांबट मंडळींनी हे अनुभवानं साधलं होतं. रम्फर्डनं तेच मोजून दाखवलं, आकडे लिहून ठेवले आणि छापले. मोजलेली गोष्ट दुसऱ्या गावचा, दुसऱ्या देशाचा माणूस पुन्हा करून पाहू शकतो, हा त्यातला मोठा फायदा.

१७९२ मध्ये त्याला काउंटचा किताब मिळाला. नाव कोणतं घ्यायचं? त्यानं रम्फर्ड निवडलं. ज्या गावातून त्याला पळ काढावा लागला, त्याच गावाचं जुनं नाव! त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत त्याची बायको वारली.

रजई, पेज आणि तोफ

सैनिकांच्या गणवेशासाठी कुठलं कापड उबदार, हे त्याला ठरवायचं होतं. त्यानं थर्मामीटरभोवती लोकर, रेशीम, फर, पिसं असं काय काय गुंडाळलं आणि ते किती वेळात गार होतं ते मोजलं. निष्कर्ष असा, की ऊब धाग्यात नसते, धाग्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. हवा अडकून राहिली, तिला फिरता आलं नाही, की उष्णता सहज बाहेर पडत नाही. गोधडी का उबदार, याचं हे उत्तर. या कामाबद्दल रॉयल सोसायटीनं १७९२ चं कोप्ले पदक त्याला दिलं.

दुसरा शोध तोंड भाजल्यामुळे लागला. तांदळाचं घट्ट सूप, आपल्या भाषेत दाट पेज, बराच वेळ ठेवूनही आतून चटका देणारी निघाली. पातळ सूप लवकर गार होतं, मग हे का नाही? पुढे एका प्रयोगात स्पिरिट भरलेला मोठा थर्मामीटर गार व्हायला खिडकीत ठेवला असताना त्याला आतल्या धुळीचे कण वरखाली फिरताना दिसले. गरम द्रव वर, गार द्रव खाली. आपण ज्याला कन्व्हेक्शन म्हणतो ते त्याला डोळ्यांनी दिसलं! दाट पेजेत, किंवा आपल्या पिठल्यात, हे फिरणं अडतं म्हणून आतली उष्णता आतच राहते. उत्साहाच्या भरात द्रवांमधून उष्णतेचं वहन होतच नाही असंही त्यानं जाहीर केलं. ते साफ चुकीचं होतं. पण प्रवाहाचं निरीक्षण बरोबर होतं आणि तेच टिकलं.

आणि मग ती सुप्रसिद्ध तोफ. त्या काळी उष्णता म्हणजे कॅलरिक नावाचा एक अदृश्य द्रव, तो गरम वस्तूतून गार वस्तूत वाहतो, असं मानत. फ्रान्सच्या लाव्हाझिएनं हे नाव रूढ केलं होतं. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोक पाडताना धातू प्रचंड तापतो हे रम्फर्डनं पाहिलं. त्यानं मुद्दाम बोथट पातं लावलं, भोवती पाण्याची पेटी बांधली आणि घोड्यांच्या ताकदीवर यंत्र फिरवत ठेवलं. साधारण साडेआठ किलो पाणी अडीच तासांत खळखळ उकळलं. विस्तव नाही, कोळसा नाही, आणि पाणी उकळतंय! बघ्यांनी आ वासला. यंत्र फिरतंय तोवर उष्णता निघतच राहते, मग ती धातूत साठवलेला द्रव कशी असेल? उष्णता ही एक प्रकारची गती आहे, असा निष्कर्ष त्यानं १७९८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला. लोकांना तो लगेच पटला नाही. जूलनं कामाचा आणि उष्णतेचा नेमका हिशेब जुळवायला १८४० चं दशक उजाडावं लागलं.

लंडनची धुराडी

१७९५ मध्ये रम्फर्ड लंडनला आला, तेव्हा घरोघरी दिवाणखान्याच्या भिंतीत मोठा कोनाडा आणि त्यात कोळशाचा जाळ असायचा. धुराड्याचं तोंड एवढं रुंद, की साफ करायला आत पोरं चढवत. जाळ पेटला की पाठीमागून गार वारा, समोर चटका आणि खोलीत धूर.

रम्फर्डनं विचार केला, इथे खोली तापते कशानं? गरम हवा तर सगळी वर जाते. खोलीला मिळतात ते फक्त जाळातून सरळ निघणारे उष्णतेचे किरण. आणि रुंद धुराडं काय करतं? खोलीतली तापलेली हवाही ओढून आकाशात फेकतं. तिची जागा भरायला दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. म्हणजे जाळ जितका मोठा, तितका गार वारा जास्त. आमदनी अठन्नी, खर्चा रुपया!

त्याचा उपाय गवंड्यालाही जमेल असा होता. कोनाडा उथळ करायचा, जाळ पुढे आणायचा, बाजूच्या भिंती तिरक्या करायच्या म्हणजे त्या किरणं खोलीत परतवतील, आणि धुराड्याचा गळा आवळून फक्त चार इंच खोल ठेवायचा. त्यामुळे धूर वेगानं वर जातो आणि खोलीतली हवा वाचते. थोड्या विटा आणि चुना एवढाच काय तो खर्च. १७९६ मध्ये त्यानं यावर निबंध छापला, मापांसकट. लंडनमध्ये शेकडो घरांनी धुराडी बदलून घेतली. आपल्या चुली आणि धुराडी यांचं पेटंट त्यानं घेतलं नाही. कोणीही बांधावी, कोणीही विकावी. त्याच वर्षी एक हजार पौंड रॉयल सोसायटीला आणि पाच हजार डॉलर अमेरिकेतल्या अकादमीला, उष्णता आणि प्रकाशावरच्या संशोधनाच्या पदकासाठी दिले. रॉयल सोसायटीनं पहिलं रम्फर्ड पदक दिलं ते खुद्द रम्फर्डलाच!

आजची फर्नेस काय करते?

आता पुन्हा त्या कोमट पाइपाकडे येऊ. रम्फर्डच्या प्रत्येक प्रश्नाला आजच्या फर्नेसमध्ये एक उत्तर बसवलेलं आहे.

खोलीतल्या थर्मोस्टॅटनं तापमान उतरल्याचं सांगितलं की आधी एक छोटा पंखा सुरू होतो. हा जळण्यासाठी लागणारी हवा ओढतो आणि धूर बाहेर ढकलतो. ही हवा दुसऱ्या पाइपानं थेट घराबाहेरून येते. खोलीतली तापवलेली हवा जाळात घालवायची नाही, हा धुराड्याचा धडा इथे पूर्ण झाला. हवा नीट वाहते आहे हे एक प्रेशर स्विच तपासतो. मग इग्नायटर तापून लाल होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, बर्नर पेटतो. ज्योत खरोखर लागली का हे सेन्सर पाहतो. नाही लागली तर काही सेकंदांत गॅस बंद. जुन्या फर्नेसमध्ये एक छोटी ज्योत चोवीस तास तेवत असे. तो खर्च इथे वाचला.

ज्योतीचे गरम वायू धातूच्या नळ्यांतून जातात. या नळ्यांच्या बाहेरून मोठा ब्लोअर घरातली हवा फिरवतो. ही हवा गाळून, तापवून, पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते आणि गार झाली की परत येते. धूर नळ्यांच्या आत, घराची हवा बाहेर. दोघांची भेट होता कामा नये. नळीला तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, म्हणून तिकडे घरोघरी त्याचा अलार्म लावतात.

जुन्या फर्नेसमध्ये धूर इथूनच बाहेर जायचा, दीडशे-दोनशे अंशांवर. नव्या फर्नेसमध्ये त्याला अजून एका नळीसंचातून नेतात. हा झाला फर्नेसचा वैल! परत आलेली गार हवा आधी या दुसऱ्या संचावरून जाते आणि मग पहिल्यावरून. म्हणजे सगळ्यात गार हवेची गाठ सगळ्यात गार धुराशी. हीट एक्स्चेंजरच्या चॅप्टरमधला काउंटर-फ्लो तो हाच.

इथे एक गंमत होते. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. ती वाफ करायला खर्ची पडलेली उष्णता साधारण साडेपाच मेगाज्यूल, आणि एक किलो मिथेनची एकूण उष्णता साडेपंचावन्न मेगाज्यूल. म्हणजे तब्बल दहा टक्के उष्णता वाफेत लपून धुराड्यातून पळत होती. धूर साधारण ५५ अंशांच्या खाली उतरवला की ही वाफ नळीतच पाणी होऊ लागते आणि लपवलेली उष्णता परत देते. म्हणून या यंत्राला कंडेन्सिंग फर्नेस म्हणतात. हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून दुसरा नळीसंच बहुधा स्टेनलेस स्टीलचा आणि खाली निचऱ्याची नळी. धूर एवढा गार झाल्यावर प्लास्टिकचा पाइप पुरतो. कोडं सुटलं!

वर्षभराचा हिशेब केला तर जुन्या फर्नेसमध्ये शंभरातल्या ५६ ते ७० रुपयांच्या गॅसची उष्णता घराला मिळायची. कंडेन्सिंग फर्नेसमध्ये ९० ते ९८ रुपयांची. या आकड्यात ब्लोअरची वीज धरत नाहीत आणि डक्टमधून गळणारी उष्णताही धरत नाहीत, हे मात्र जाहिरात वाचताना लक्षात ठेवावं. शिवाय भिंतींमध्ये काचलोकर आणि खिडक्यांना दुहेरी काच नसेल तर फर्नेस कितीही चांगली असली तरी काय उपयोग? अडकलेली हवा ऊब राखते, हे आपल्या काउंटनं सैनिकांच्या गणवेशावरून आधीच सांगून ठेवलं होतं.

शेवटचे दिवस

१७९९ मध्ये रम्फर्डच्या पुढाकारानं लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशन सुरू झाली. कारागीर आणि सामान्य माणूस यांना उपयोगी यंत्रं दाखवावीत, विज्ञान शिकवावं, हा हेतू. १८०१ मध्ये त्यानं हम्फ्री डेव्ही नावाच्या तरुणाला तिथे नोकरीवर घेतलं. पुढे डेव्हीनं बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेल्या एका पोराला मदतनीस म्हणून घेतलं. तो पोरगा म्हणजे मायकेल फॅरडे. पण रम्फर्डचं तिथेही पटलं नाही. हुकूम सोडायची सवय, दुसऱ्याचं ऐकायचं नाही, आणि मीच शहाणा हा तोरा. चुलींचं प्रदर्शन मागे पडलं, श्रीमंतांची लेक्चर्स सुरू झाली, आणि तो फ्रान्सला निघून गेला.

पॅरिसमध्ये त्यानं १८०५ मध्ये दुसरं लग्न केलं, ते कोणाशी? लाव्हाझिएच्या विधवेशी! ज्याच्या कॅलरिकला यानं तोफेनं उडवलं, त्याचीच पत्नी मारी-आन. ती स्वतः हुशार, लाव्हाझिएच्या कामात तिचा मोठा वाटा. संसार चार वर्षंही धड चालला नाही. याला शांतता हवी, तिला पाहुणे. एकदा यानं फाटकाला कुलूप लावून तिच्या पाहुण्यांना बाहेर ठेवलं, तेव्हा तिनं याच्या लाडक्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं असं सांगतात. १८०९ मध्ये दोघं वेगळे झाले.

शेवटची वर्षं पॅरिसजवळच्या ओतई गावी. पांढरा रंग उष्णता कमी बाहेर टाकतो या समजुतीनं हिवाळ्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून फिरणारा म्हातारा म्हणून लोक त्याला ओळखायचे. २१ ऑगस्ट १८१४ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तो गेला. मृत्युपत्रात हार्वर्डसाठी पैसे ठेवले होते. जिथे तो फुकट लेक्चर ऐकायला चालत जायचा, तिथे आज त्याच्या नावाचं प्राध्यापकपद आहे.

या माणसाला चांगला म्हणावं की वाईट? बायकोला सोडलं, देशाला दगा दिला, थडगी फोडली. पण अनोळखी घरांतला धूर कमी केला आणि त्याचे पैसे मागितले नाहीत. माणसांशी त्याचं कधी जमलं नाही, उष्णतेशी मात्र जमलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

आपल्यापुरतं काय?

कांदिवलीत फर्नेस लागणार नाही, पण रम्फर्डचा प्रश्न इथेही आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून धूर कमी करणारी मगन चूल निघाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा केला, त्याला २००२ मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेच्या सराई कुकरमध्ये मूठभर कोळशाच्या कांड्यांवर एका कुटुंबाचा वरण-भात-भाजी वाफेवर शिजते, कारण जाळ बंद डब्यात आणि वाफ भांड्यांभोवती. म्युनिकची कढई आणि हा कुकर, हिशेब एकच. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गावोगावी सिलिंडर गेले, तरी दुसरा सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पेटतेच आणि धूर बाईच्याच डोळ्यांत जातो. आपल्या फ्लॅटमध्येही बघा. बाथरूममध्ये गॅस गिझर लावून झरोका बंद केल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडनं जीव गेल्याच्या बातम्या येतच असतात. धूर गेला कुठे हे कोणी विचारलंच नाही, म्हणून.

आपल्यापैकी कित्येकांना फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय सुचत नाही. एक थर्मामीटर, एक वजनकाटा आणि गावाकडची चूल एवढं सामान पुरे. किती जाळलं, किती पाणी तापलं, बाकीचं गेलं कुठे? रम्फर्डनंही एवढ्यावरच सुरुवात केली होती. आणि घरी जाल तेव्हा गिझरचा झरोका उघडा आहे ना, तेवढं आजच बघा.